फाजचे ‘पाय’ आणि लूनर मॉड्यूलचे पाय

अपोलोचं लूनर मॉड्यूल, म्हणजे चंद्रावर उतरलेलं यान, आणि टी-४ फाज हा विषाणू शेजारी शेजारी काढलेली चित्रं मला मनापासून आवडतात. वर कोनाकोनांचं डोकं, खाली गुडघ्यात वाकल्यासारखे पाय. साम्य डोळ्यांत भरतं आणि ते टिपणं चित्रकाराचं कामच आहे. राग येतो तो चित्राखालच्या ओळीचा: ‘अभियंत्यांनी यानाचा आकार विषाणूवरून घेतला.’ तसं झालेलं नाही.

यान सगळ्यांच्या ओळखीचं आहे. उंची सुमारे ७ मीटर. चंद्रावर हवा नाही, म्हणून निमुळतेपणाची गरज नाही. आराखड्यात आधी पाच पाय होते, वजनाचा हिशेब करता करता ते चार झाले. एवढं पुरे.

फाज म्हणजे जिवाणूंना ग्रासणारा विषाणू. टी-४ हा ई. कोलाय या जिवाणूच्या मागे लागतो. लांबी सुमारे २०० नॅनोमीटर, म्हणजे यान त्याच्या साडेतीन कोटी पट मोठं. डोक्यात डीएनए, त्याखाली शेपटी, शेपटीच्या बुडाशी षट्कोनी तळपट्टी आणि तिला जोडलेले सहा लांब तंतू. सहाच. यानाशी जुळावं म्हणून चार तंतू काढलेला फाज मला चित्रातसुद्धा चालत नाही.

खरी गफलत या तंतूंना ‘पाय’ म्हटल्यामुळे होते. पाय भार पेलतात. फाजला पेलण्याजोगा भारच नाही. त्या मापाच्या जगात गुरुत्वाकर्षण जवळपास निष्प्रभ असतं; पाण्याच्या रेणूंचे धक्के खात फाज इकडून तिकडे ढकलला जातो. त्याला वर-खाली नाही आणि पोहताही येत नाही, त्यामुळे तो ‘उतरतो’ हे म्हणणंच चुकीचं. तो जिवाणूवर आदळतो, कुठल्याही बाजूने. मग तंतूंची टोकं जिवाणूच्या पृष्ठभागावरचे ठरावीक रेणू चाचपतात. एखादा तंतू चिकटतो, सुटतो, पुन्हा चिकटतो. पुरेशा तंतूंची पकड बसली की तळपट्टीचा षट्कोन उलगडून चांदणीसारखा होतो, तिच्याखालचे आखूड तंतू घट्ट रुततात आणि शेपटीचं वेष्टन आकसून निम्म्याहूनही आखूड होतं. आतली नळी जिवाणूच्या बाहेरच्या पटलात घुसते. या झटक्याची ऊर्जा वेष्टनात आधीपासूनच साठलेली असते, ताणून अडकवलेल्या स्प्रिंगमध्ये असावी तशी.

आता यानाचे पाय बघा. त्यांच्या दांड्यांमध्ये मधाच्या पोळ्यासारख्या जाळीचं ॲल्युमिनियम भरलेलं होतं. जमिनीचा धक्का जोराचा बसला तर ते चेपावं आणि धक्का तिथेच जिरावा, एवढ्याचसाठी. म्हणजे स्पर्श होताच यानाचे पाय ऊर्जा गिळतात, तर फाजचे तंतू साठवलेली ऊर्जा मोकळी करतात. कामं अगदी उलटी. चित्रात दोन्ही सारखेच वाकलेले दिसतात, म्हणूनच हा फरक चित्राखाली लिहायला हवा.

गोल अंगातून काटे निघालेल्या रेडिओलॅरिया या समुद्रातल्या एकपेशीय जीवाशेजारी स्पुटनिक-१ हा पहिला कृत्रिम उपग्रह काढतात, त्याबद्दल फार बोलण्यासारखं नाही. स्पुटनिकच्या ५८ सेंटिमीटरच्या गोळ्याला चार अँटेना होत्या. साम्य तेवढंच.

सूक्ष्मजीवावरून खरोखर उचललेला आकार पाहायचा असेल तर १९००च्या पॅरिस प्रदर्शनाचं प्रवेशद्वार पाहा. वास्तुरचनाकार रने बिने यांनी ते जीवशास्त्रज्ञ एर्न्स्ट हेकेल यांनी काढलेल्या रेडिओलॅरियांच्या चित्रांवरून रचलं आणि हेकेल यांना पत्राने तसं कळवलंही. इथे ‘प्रेरणा’ हा शब्द शोभतो, कारण लेखी कबुली आहे. विषाणूंच्या बाबतीत तर उसनवारी उलट दिशेने झाली: १९६२ मध्ये डोनाल्ड कॅस्पर आणि ॲरन क्लुग या शास्त्रज्ञांनी विषाणूंच्या कवचांची रचना उलगडताना वास्तुरचनाकार बकमिन्स्टर फुलर यांच्या त्रिकोणांच्या जाळीतून उभारलेल्या घुमटांचा आधार घेतला.

रंगांबद्दलही सांगतो. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून येणारी प्रतिमा करड्या छटांची असते. फाजला दिलेली निळी धातूची झळाळी चित्रकाराची. ती जरूर द्यावी, पण तिच्या जोरावर ‘बघा, यंत्रच आहे’ म्हणू नये.

आणि जोडी लावायचीच तर पोचण्याच्या क्षणाची नको, नंतरची लावा. अंतराळवीर वरच्या भागातून निघून गेल्यावर चंद्रावर उरलेला पायांचा सांगाडा एका बाजूला. डीएनए आत सोडून, आकसलेल्या शेपटीसह जिवाणूच्या अंगावर चिकटून राहिलेलं फाजचं रिकामं टरफल दुसऱ्या बाजूला.