मोडलेल्या स्केटबोर्डातले सात थर

भाचीचा स्केटबोर्ड चार पायऱ्यांवरून उडी मारताना मोडला. पुढच्या चाकांची जोडी फळीला जिथे स्क्रूंनी आवळलेली असते, नेमका तिथे. "मावशी, आता याचा काही उपयोग नाही," म्हणत तिने दोन्ही तुकडे माझ्या हातात दिले. मी मोडलेली कड खिडकीशी नेली. जेमतेम एक सेंटिमीटर जाडी, पण त्यात सात थर स्पष्ट मोजता येत होते. त्यातले दोन लाल, एक निळा, बाकीचे दुधाळ. पाच थरांतून लांब, अणकुचीदार कुसळं बाहेर आली होती. उरलेले दोन मात्र बिस्किटासारखे सरळ तुटले होते.

या सरळ तुटलेल्या दोन थरांत सगळ्या फळीचं गुपित आहे. सरपण फोडणाऱ्याला ते शिकवावं लागत नाही. ओंडक्यावर कुऱ्हाड उभी घातली की ढलपी सहज निघते, आडवी घातली की घाम निघतो. लाकूड म्हणजे एकाच दिशेला लागलेल्या तंतूंची जुडी. तंतूंच्या दिशेने ते ताण सोसतं, पण दोन तंतूंमधला जोड कमकुवत असतो. म्हणून स्केटबोर्डाच्या फळीत, म्हणजे डेकमध्ये, साधारणपणे पाच थर लांबीच्या दिशेने लावतात आणि दोन आडवे. पाच थर उडीचा भार घेतात आणि दोन थर फळी उभी चिरू देत नाहीत. मोडताना उभ्या थरांतले तंतू एकेक करून ओढले जातात, म्हणून कुसळं येतात. आडव्या थरांत भेग तंतूंच्या मधून सरळ निघून जाते.

हे लाकूड शुगर मेपलचं. उत्तर अमेरिकेतल्या ज्या झाडाच्या रसापासून मेपल सिरप बनतं, तेच हे झाड. ते सावकाश वाढतं. ओंडका फिरवत ठेवून, शार्पनरमध्ये पेन्सिल सोलावी तसा त्याचा सुमारे दीड मिलिमीटर जाडीचा सलग पापुद्रा काढतात. काही पापुद्रे रंगात असे मुरवतात की रंग आरपार उतरतो. मग गोंद लावून सातही थर साच्यात दाबले जातात. गोंद बहुधा आपल्या सुतारांच्या पांढऱ्या गोंदाच्याच घराण्यातला असतो. तो सुकताना थरांना सरकू देत नाही, म्हणून फळीची वर उचललेली टोकं आणि मधला पन्हळीसारखा खोलगटपणा कायम राहतो.

इतकी विचारपूर्वक बनवलेली वस्तू नियमित खेळणाऱ्याकडे काही महिनेच टिकते, कधी त्याहूनही कमी. मागचं टोक काँक्रीटवर आपटून आपटून पात्यासारखं पातळ होतं. पावसात भिजलं तर लाकूड तंतूंच्या आडव्या दिशेने फुगतं, लांबीत जवळजवळ नाही. उभे आणि आडवे थर वेगवेगळ्या दिशांना फुगू पाहतात आणि सगळा ताण गोंदाच्या रेषेवर येतो. उसळी गेली की खेळाडू फळी बदलतो, आणि त्याचं बरोबरच आहे, कारण कमजोर फळीवर उडी मारणं म्हणजे घोटा पणाला लावणं.

पण बिघाड सहसा फळीच्या एखाद्याच भागात असतो, बाकीचं लाकूड ठणठणीत राहतं. लाकडाचा कठीणपणा मोजायची जांका नावाची चाचणी आहे. साधारण 11 मिलिमीटर व्यासाची पोलादी गोळी लाकडात अर्धी रुतवायला किती जोर लागतो, ते त्यात पाहतात. सागाला सुमारे 4,700 न्यूटन लागतात, शुगर मेपलला सुमारे 6,400. ज्या सागाच्या पाटाचं, चौरंगाचं आपण पिढ्यान्‌पिढ्या कौतुक करतो, त्याच्यापेक्षा कठीण लाकूड कचऱ्यात जातं, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

त्याला कचऱ्यातून परत आणणं कष्टाचं आहे. वरचा काळा खरखरीत ग्रिप टेप आधी काढावा लागतो. त्यात सिलिकॉन कार्बाइडचे कण असतात, म्हणजे धार लावायच्या दगडात असतात तसे. तो तसाच ठेवून करवत चालवली तर पात्याची धार संपलीच. हीट गनने ऊब दिली की त्याचा चिकट थर मऊ पडतो आणि टेप सोलता येतो. खालचं चित्रही घासून काढायचं, कारण नवा गोंद धरायला कोरं, उघडं लाकूड लागतं. रंगावर आणि मेणावर तो नुसता बसून राहतो, आत शिरत नाही. या घासण्यात उडणारी धूळ मास्कशिवाय कधीही घेऊ नये. कठीण लाकडाची धूळ कर्करोगकारक असल्याचं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने नोंदवलेलं आहे.

मग फळ्यांचे सपाट तुकडे कापून एकावर एक चिकटवतात, आणि शिकंज्यातून निघतो तो पट्टेदार ठोकळा. त्यातून वाटी, अंगठी, कानातले, दिव्याची बैठक, सुरीची मूठ असं बरंच काही घडतं. सॅन फ्रान्सिस्कोतल्या निक पूरफर्डने याच लाकडातून इलेक्ट्रिक गिटारी बनवल्या. मेपल हे गिटारीच्या दांड्याचं जुनंच लाकूड असल्याने ही जोडी मला फार योग्य वाटते.

या ठोकळ्याची वाटी लेथवर कातताना पाहणं हा वेगळाच आनंद आहे. थर आडवे, सरळ, एकसारख्या जाडीचे. पण वाटीचा उतार जिथे सौम्य असतो तिथे प्रत्येक रंगाचा पट्टा रुंद होतो आणि जिथे उभी चढण असते तिथे तो बारीक होतो. घाटातल्या भातखाचरांसारखंच हे : डोंगर चढा असेल तिथे खाचरं अरुंद, उतार सैल झाला की ऐसपैस. तेल लावल्यावर आणखी गंमत दिसते. ज्या थरांच्या तंतूंची कापलेली टोकं पृष्ठभागावर येतात, ते स्ट्रॉसारखं तेल ओढून घेतात आणि गडद होतात. मोडलेल्या कडेवर सरळ तुटलेले ते दोन थर असे पुन्हा ओळखू येतात. अशी वाटी किल्ल्या-नाण्यांसाठी ठेवावी. रंग आणि गोंद खाण्याच्या वस्तूंसाठी निवडलेले नसतात, त्यामुळे गरम आमटी त्यात नको.

लाकडाइतकं नशीब चाकांना मिळत नाही. ती पॉलियुरेथेनची असतात आणि त्यातले रेणू एकमेकांना असे कायमचे बांधलेले असतात की तापवून पुन्हा ओतता येत नाहीत. बेअरिंग मात्र 608 या सर्वसामान्य मापाचे, 22 मिलिमीटर व्यासाचे असतात. ते साफ करून कुठेही फिरवता येतात.

या कामातला माझा सर्वांत आवडता कलाकार म्हणजे टोकियोचा हारोशी. तो स्वतः स्केटिंग करणारा. शेकडो जुन्या फळ्या चिकटवून, कोरून तो मुठी, पाय, प्राणी, माणसांचे पुतळे घडवतो. प्रत्येक कारखान्याच्या साच्याचा बाक थोडा वेगळा असतो आणि कुठली फळी कुठल्या फळीवर फटीशिवाय बसेल, हे त्याला कळतं. मोठ्या ओंडक्याऐवजी लहान तुकडे जोडून मूर्ती करायची ही रीत जपानला नवी नाही. नारा इथल्या तोदाइ-जी मंदिराच्या दरवाजावरचे दोन द्वारपाल सुमारे साडेआठ मीटर उंच आहेत. 1203 मध्ये उनकेइ, काइकेइ आणि त्यांच्या साथीदारांनी ते 69 दिवसांत उभे केले, प्रत्येकी सुमारे 3,000 तुकडे जोडून. उनकेइ काही मूर्तींच्या आत, हृदयाच्या जागी, स्फटिकाचा गोळा ठेवत असे. बाहेरून तो कधीच दिसत नाही. हारोशीही आपल्या पुतळ्यांत धातूचा एखादा तुकडा असाच आत बंद करतो.

हे मी भाचीला सांगितलं तेव्हा ती काही बोलली नाही. तिच्या फळीच्या पट्ट्या आता शिकंज्यात आहेत, पेन ठेवायची डबी होईल एवढ्या. मधल्या पट्टीत तिने पटाशीने लहानसा खळगा कोरला आणि गोंद लावण्याआधी त्यात एक नट ठेवला. चाकाजवळचा, झिजलेला, त्या चार पायऱ्यांवरचा.