कॅरेट: हिऱ्याचं वजन, पैलू आणि भाव

कॅरेट हे हिऱ्याचं आणि बाकी रत्नांचं वजन मोजायचं माप. 1 कॅरेट म्हणजे 200 मिलिग्रॅम, म्हणजे 5 कॅरेटचा 1 ग्रॅम होतो. कॅरेटचे 100 भाग केले की एका भागाला बाजारात सेंट म्हणतात, म्हणून अर्ध्या कॅरेटचा खडा तो 50 सेंटचा. सोलापूरच्या सराफ बाजारात गिऱ्हाइकाचा पहिला घोळ इथंच होतो, कारण 22 कॅरेट सोनं म्हणताना कॅरेट म्हणजे शुद्धता, 24 भागांतले 22 भाग सोनं, आणि हिऱ्याच्या बाबतीत कॅरेट म्हणजे निव्वळ वजन, त्यातून ना चमक कळते ना स्वच्छपणा. नाव आलंय कॅरोब नावाच्या झाडाच्या बियांवरून, पूर्वी त्या काट्यावर टाकून रत्नं तोलायचे, आपल्याकडं जशी गुंज, 8 गुंजांचा मासा आणि 12 माशांचा तोळा. देशोदेशीचा कॅरेट थोडाथोडा वेगळा होता, 200 मिलिग्रॅमचा एकच मेट्रिक कॅरेट 1907 साली ठरला.

खडा तोलताना बघण्यासारखं असतं. कागदाच्या पुडीतून चिमट्यानं खडा उचलून छोट्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवतात, काट्याला काचेची पेटी असते तरी वाऱ्यानं आकडा हलू नये म्हणून पंखा बंद करतात, सोलापूरच्या मे महिन्यात सुद्धा. दुकानात सगळे घामाघूम, आणि नजर तिसऱ्या दशांश आकड्यावर. त्या आकड्याला महत्त्वही तेवढंच आहे. जीआयए, म्हणजे हिरे तपासून सर्टिफिकेट देणारी अमेरिकन संस्था, तिची प्रयोगशाळा वजन फार बारकाईनं मोजते, पण सर्टिफिकेटवर दोनच दशांश लिहिते आणि तिसरा आकडा 9 असेल तरच वर चढवते. म्हणजे 0.999 चा खडा 1.00 होतो, 0.998 चा मात्र 0.99 च राहतो.

एवढ्याशा फरकानं काय होतं? भावात फार होतं. हिऱ्याचा भाव कॅरेटमागं बोलतात, पण तो सगळ्या वजनांना एकच नसतो, मोठा खडा खाणीत क्वचित सापडतो म्हणून वजन वाढेल तसा कॅरेटमागचा भावही वाढतो. 17 व्या शतकात गोवळकोंड्याकडं आलेल्या ताव्हर्निए या फ्रेंच व्यापाऱ्यानं तर वजनाच्या वर्गानं किंमत काढायचा हिशोब लिहून ठेवलाय, दुप्पट वजन तर चौपट किंमत असा. आजचा भाव तसा सरळ चढत नाही, तो पायऱ्यांनी चढतो. 1978 पासून निघणाऱ्या रॅपापोर्टच्या भावपत्रकात वजनाचे गट आहेत, 0.90 ते 0.99 चा एक, 1.00 ते 1.49 चा पुढचा, आणि व्यापारी त्या आकड्यावर इतके टक्के बॅक, म्हणजे तेवढे टक्के कमी, अशा भाषेत सौदा करतात. समजा 0.95 च्या खड्याला कॅरेटमागं 3 लाख भाव आहे आणि तशाच रंगाच्या, तशाच स्वच्छ 1.00 च्या खड्याला 3 लाख 60 हजार, तर पहिला पडतो 2 लाख 85 हजारांना आणि दुसरा 3 लाख 60 हजारांना. 5 सेंटला 75 हजार! 5 सेंट म्हणजे 10 मिलिग्रॅम, आणि अंगठीत बसवल्यावर दोघांतला फरक डोळ्यांना दिसतसुद्धा नाही.

ही पायरी पैलू पाडणाऱ्याच्या हाताला ओढत असते, आणि माझ्या मते हिऱ्याबद्दल कळून घ्यायची सगळ्यात मोठी गोष्ट हीच. कच्चा हिरा बऱ्याचदा तळाला तळ लावलेल्या दोन पिरॅमिडसारखा, आठ बाजूंचा असतो. सुरतेत तो आधी स्कॅन होतो, आतले डाग कुठं आहेत ते कॉम्प्युटरवर दिसतं, मग प्लॅनिंग करणारा ठरवतो की त्यातून एक मोठा आणि एक छोटा काढायचा की दोन सारखे, मग लेझरनं कापतात. गोल ब्रिलियंट पैलू पाडला तर कच्च्या मालाचं निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून जास्त वजन भुकटी होऊन जातं. चौकोनी प्रिन्सेस आकारात बरंच जास्त वाचतं, गोल हिरा त्याच वजनाच्या चौकोनीपेक्षा महाग असण्याचं हे एक कारण.

आता धरा एका कच्च्या खड्यातून नीट कोन ठेवले तर 0.93 चा हिरा निघतोय, आणि कंबरेची कड, म्हणजे गर्डल, जाड ठेवली, तळ जरा खोल सोडला तर 1.00 भरतोय. हिऱ्यांच्या व्यवसायातल्या घराण्यातल्या मार्सेल टोलकोव्स्की या इंजिनियरनं 1919 मध्ये गणित मांडलं की वरचं टेबल, म्हणजे माथ्याचा सपाट पैलू, रुंदीच्या 53 टक्के आणि तळाचा कोन 40.75 अंश असला की आत गेलेला उजेड उलटून डोळ्यांकडं येतो. तळ फार खोल गेला की उजेड खालून, बाजूनं निसटतो आणि खडा मधोमध काळवंडलेला दिसतो. पण काटा त्याला 1.00 दाखवतो, आणि पैसे काट्यावर मिळतात. म्हणून बाजारात 0.97, 0.98 चे खडे कमी दिसतात, तिथवर आलेला खडा कसाही करून शंभर सेंटला पोचवलेला असतो. जीआयए 2006 पासून गोल हिऱ्याच्या कटला, म्हणजे पैलू किती नीट पाडलेत त्याला, ग्रेड देते त्यामुळं हे जरा उघडं पडतं, तरी वजन वाचवायची ओढ गेलेली नाही. उलटंही घडतं, 1.02 च्या खड्याच्या कडेला बारीक टवका उडालाय, परत घासला तर 0.98 वर येईल, म्हणून मालक टवका तसाच ठेवतो.

वजन आणि चमक यांची ही ओढाताण जुनीच आहे. त्र्यंबकेश्वराच्या देवळातला म्हणून सांगितला जाणारा नाशिकचा हिरा पुढं पेशव्यांकडं होता. फेब्रुवारी 1818 मध्ये आपल्याच सोलापूर जिल्ह्यातल्या आष्टीच्या लढाईत बापू गोखले पडले, त्याच वर्षी दुसऱ्या बाजीरावाची सत्ता गेली आणि हा हिरा कंपनीच्या हातून लंडनला पोचला. तेव्हा तो 90 कॅरेटच्या आसपास होता, आपल्याकडं तो वजन सांभाळूनच घडवलेला होता. लंडनमध्ये परत पैलू पाडताना साधारण 10 कॅरेट गेले, आणि 1940 मध्ये न्यूयॉर्कचा जवाहिऱ्या हॅरी विन्स्टननं तो पुन्हा कापून 43.38 कॅरेटवर आणला. कोहिनूरही 1852 मध्ये 186 वरून 105.6 कॅरेटवर आला. मला स्वतःला नाशिकच्या हिऱ्याची जास्त हळहळ वाटते, जुना घाट कायमचा गेला त्याची.

आपल्याकडच्या बायकांनी मात्र या भावाच्या पायऱ्यांवर फार पूर्वीच वाट काढलेली आहे, ती म्हणजे सात खड्यांची हिऱ्याची कुडी. सोलापुरात मराठी, तेलुगू, कानडी सगळ्या घरांत ती आवडीनं घालतात. मधे एक आणि भोवती सहा, प्रत्येकी 15 सेंटचे धरले तर एका कानात 1.05 कॅरेट झाले. 15 सेंटचा गोल खडा साधारण 3.4 मिलिमीटरचा, तीन खडे एका ओळीत आले की फुलाची रुंदी 10 मिलिमीटरवर जाते, आणि एक कॅरेटचा एकटा खडा भरतो साडेसहा मिलिमीटर. छोट्या खड्यांचा कॅरेटमागचा भावही कितीतरी कमी. फक्त बिलावर "एकूण हिरे 2.10 कॅरेट" वाचून कुणी एका मोठ्या खड्याचा भाव लावत असेल तर तिथं थांबवून विचारायचं.

लॅबमध्ये बनवलेल्या हिऱ्यालाही कॅरेट हेच माप, पण त्याचा कच्चा माल स्वस्त, म्हणून काही सेंट वाचवायला कोन बिघडवण्याची गरज तिथं कमी पडते. अमेरिकन डायमंड, म्हणजे झिरकोनिया, हिऱ्यापेक्षा दीडपटीहून जड असतो, तेवढ्याच आकाराचा खडा काट्यावर जास्त भरतो.

खरेदी करताना कॅरेटच्या जोडीला मिलिमीटर विचारायचे. 1 कॅरेटचा गोल हिरा 6.4, 6.5 भरायला पाहिजे, 6.1 च असेल तर उरलेलं वजन तळात दडलंय. आणि बिलात सोन्याच्या वजनातून हिऱ्याचं वजन वजा झालंय का ते बघायचं, 4.250 ग्रॅमच्या अंगठीत 50 सेंटचे हिरे असतील तर सोनं 4.150 ग्रॅमच लागलं पाहिजे.