फ्लॅट आपला, जमीन कोणाची? कन्व्हेयन्स रखडण्यामागचा इतिहास

मुंबई, ठाणे किंवा पुण्यातल्या तीस-चाळीस वर्षं जुन्या सोसायटीचं मालमत्ता पत्रक काढून पाहिलं, तर धारकाच्या रकान्यात बहुतेक वेळा सोसायटीचं नाव नसतं. तिथे मूळ जमीनमालक असतो, नाहीतर त्याचे वारस, नाहीतर बिल्डरची भागीदारी संस्था. सभासदांनी घराची पूर्ण किंमत मोजलेली असते, कर्ज फेडलेलं असतं, भागपत्र कपाटात असतं. तरी ज्या जमिनीवर इमारत उभी आहे ती कागदोपत्री दुसऱ्याच्या नावावर असते. कारण जमीन-इमारत सोसायटीच्या नावावर करून देणारं खरेदीखत, म्हणजे कन्व्हेयन्स, झालेलंच नसतं. हे घडलं कसं, हे समजून घ्यायला थोडं मागे जावं लागतं.

सहकारी गृहनिर्माणाची सुरुवात झाली तेव्हा हा प्रश्नच नव्हता. मुंबईत गावदेवीला १९१५ साली सारस्वतांची गृहनिर्माण संस्था उभी राहिली. श्रीपाद सुब्राव तालमकी हे त्या कामामागचे प्रमुख. अशा संस्थांत आधी सभासद एकत्र यायचे, संस्था नोंदवायची, संस्थेच्या नावाने जागा घ्यायची आणि मग बांधकाम व्हायचं. जमीन आधी, घर नंतर. पुढे हा क्रम उलटला आणि तिथूनच गुंता सुरू झाला.

तो उलटण्याचं मोठं कारण भाडेनियंत्रण. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने जुन्या जागांची भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठवली. फाळणीनंतर माणसांचे लोंढे शहरात येत होते, जागेची टंचाई होती, पण भाड्याने देण्यासाठी इमारत बांधण्यात कोणाला फायदा दिसेना. जुन्या चाळींत पागडी (एकरकमी पैसे मोजून भाडेकरूचा हक्क घेणं) रुजली आणि नव्या इमारतींत ‘ओनरशिपचा फ्लॅट’ आला. बिल्डर जमीन मिळवायचा, करारनामा करून घरं विकायचा, त्याच पैशांतून इमारत उभी करायचा. सोसायटी सर्वांत शेवटी. अनेकदा तर बिल्डरही जमीन विकत घेत नसे. मालकाशी विकसन करार आणि हातात कुलमुखत्यारपत्र, एवढ्यावर काम भागायचं.

त्या काळी खरेदीदाराच्या हातात जवळपास काहीच नव्हतं. पैसे घेऊन काम लांबवणं, नकाशात परस्पर बदल करणं, जमिनीचे कागद न दाखवणं, जमिनीचं खरेदीखत न करणं अशा तक्रारी वाढल्या. मे १९६० मध्ये राज्य सरकारने चौकशी समिती नेमली, जून १९६१ मध्ये तिचा अहवाल आला आणि त्यातून १९६३ चा महाराष्ट्र ओनरशिप फ्लॅट्स कायदा झाला. वकिलांच्या तोंडी तो ‘मोफा’. त्याच्या उद्देशिकेतच फ्लॅटविक्रीतल्या गैरप्रकारांचा स्पष्ट उल्लेख आहे.

कायदा काळाच्या मानाने चांगला होता. किमतीच्या २० टक्क्यांहून जास्त आगाऊ रक्कम घेण्याआधी लेखी करार आणि त्याची नोंदणी, मंजूर नकाशे आणि जमिनीचे कागद दाखवण्याची सक्ती, किमान खरेदीदार झाले की सोसायटीच्या नोंदणीसाठी अर्ज, हे सगळं त्यात आलं. कलम ११ आणि त्याखालच्या नियमाने सांगितलं की, वेगळी मुदत ठरलेली नसेल तर सोसायटी नोंदल्यापासून चार महिन्यांत जमीन-इमारतीचं खरेदीखत करून द्यायचं. न देणं हा गुन्हा, शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद.

घोडं अडलं ते अंमलबजावणीत. खरेदीखत करून देण्याचं काम कायद्याने त्याच माणसावर सोपवलं, ज्याला ते न करण्यात फायदा होता. त्याने टाळलं तर सोसायटीला दिवाणी दावा लावण्यावाचून गत्यंतर नव्हतं, आणि तो किती वर्षं चालेल याचा नेम नाही. शिवाय ‘वेगळी मुदत ठरलेली नसेल तर’ ही पळवाट होतीच. करारनाम्यात ‘संपूर्ण योजना पूर्ण झाल्यावर कन्व्हेयन्स’ असं कलम टाकलं की चार महिने कुठल्या कुठे जातात. रहिवाशांच्या बाजूनेही घाई नव्हती. घरात राहता येत होतं, वीजबिल नावावर होतं, फ्लॅट विकताही येत होता. रोजच्या जगण्यात काही अडत नसेल, तर वर्गणी काढून कोर्टात कोण जाणार?

आणि जमिनीची किंमत वाढतच होती. नुसती बाजारभावाने नव्हे, तिच्यावर आणखी किती बांधता येईल यानेही. मुंबईच्या १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत उपनगरात मूळ चटई क्षेत्र निर्देशांक, म्हणजे भूखंडाच्या किती पट बांधता येईल याचं प्रमाण, १ होता. त्याच नियमावलीने टीडीआर, म्हणजे हस्तांतरणीय विकास हक्क, आणला. रस्त्याला किंवा उद्यानाला दिलेल्या जागेच्या बदल्यात मिळालेला बांधकामाचा हक्क आता दुसऱ्या भूखंडावर वापरता येऊ लागला आणि उपनगरातल्या भूखंडावर एकूण निर्देशांक २ पर्यंत नेता येऊ लागला. म्हणजे पूर्ण झालेल्या इमारतीच्या आवारात जवळपास तेवढंच बांधकाम पुन्हा शक्य झालं, आणि जमीन ज्याच्या नावावर त्याने त्यावर दावा सांगावा, हे ओघानेच आलं. त्याआधी १९८६ मध्ये मोफातच दुरुस्ती करून मंजूर आराखड्यातल्या जादा इमारतीसाठी सभासदांच्या संमतीची अट सैल केली गेली होती. माझ्या मते त्या दुरुस्तीने सामान्य सभासदाचं फार नुकसान केलं. २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मधुविहार सोसायटीच्या प्रकरणात, पूर्ण योजनेचा आराखडा सुरुवातीलाच उघड करण्याचं बंधन बिल्डरवर आहे हे अधोरेखित केलं, तेव्हा कुठे या मोकळिकीला आवर बसू लागला.

दोष सगळा बिल्डरचाच होता असंही नाही. काही ठिकाणी मूळ मालकाचे वारस आपसात भांडत होते. काही जमिनी १९७६ च्या नागरी कमाल जमीन धारणा कायद्यात अडकल्या होत्या. तो महाराष्ट्रात २००७ च्या नोव्हेंबरात रद्द झाला. भर म्हणून मुद्रांक शुल्क. डिसेंबर १९८५ पूर्वीचे कितीतरी करारनामे पाच रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर झालेले आहेत. पुढे कन्व्हेयन्सच्या वेळी एकेका सदनिकेचं शुल्क भरलंय का, याची विचारणा होऊ लागली आणि सेक्रेटरीवर जुने कागद शोधत फिरण्याची वेळ आली.

जुन्या इमारती मोडकळीला आल्यावर मात्र प्रश्न पुढे ढकलता येईना. पुनर्विकास करायचा तर जमिनीचा हक्क हवा. २५ फेब्रुवारी २००८ पासून मोफात डीम्ड कन्व्हेयन्सची, म्हणजे बिल्डरच्या सहीविना होणाऱ्या कन्व्हेयन्सची, तरतूद लागू झाली. कायदा येऊन ४५ वर्षं झाली होती. नियम यायला सप्टेंबर २०१० उजाडलं. आता बिल्डर सही करत नसेल तर सोसायटीने जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करायचा. त्याने दोन्ही बाजू ऐकून सहा महिन्यांच्या आत निर्णय द्यायचा आणि सोसायटी पात्र ठरली तर एकतर्फी खरेदीखताचा मार्ग मोकळा करायचा.

ही फाईल कशी असते, ते ती जमवणाऱ्यालाच ठाऊक. नोंदणी प्रमाणपत्र, सर्वसाधारण सभेचा ठराव, बिल्डरला धाडलेली नोटीस, सभासदांची यादी, करारनामे आणि इंडेक्स टू (दस्त नोंदणीचा सरकारी उतारा), मंजूर नकाशा, मालमत्ता पत्रक किंवा सातबारा, क्षेत्रफळाबद्दल आर्किटेक्टचा दाखला. एखादा सभासद परदेशात असतो, एखाद्याचा करारनामा पुरात भिजून गेलेला असतो. भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारत राहण्यायोग्य असल्याचा पालिकेचा दाखला, तर कित्येक इमारतींना मिळालेलंच नसतं. २०१८ च्या शासन निर्णयाने कागदांची यादी आटोपशीर केली, त्यामुळे थोडा श्वास घेता आला. आदेश हाती आला म्हणजे काम संपलं, असा पुष्कळांचा समज असतो, पण पुढे दस्ताचा मुद्रांक अभिनिर्णय (किती शुल्क लागेल ते ठरवून घेणं), मग दुय्यम निबंधकाकडे नोंदणी, मग सिटी सर्व्हेत फेरफार, एवढं उरतंच. मालमत्ता पत्रकावर सोसायटीचं नाव चढतं ते या शेवटच्या टप्प्यात.

या आदेशाची मर्यादाही ओळखायला हवी. उपनिबंधक हा दिवाणी न्यायालय नव्हे. अॅव्हॉन आर्केड या सोसायटीच्या प्रकरणात २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की तो मालकी हक्काचा अंतिम निवाडा करू शकत नाही आणि नाराज पक्षाला दिवाणी दाव्याचा रस्ता खुला राहतो. सोसायट्यांना हे निराशाजनक वाटेल, पण मला ते रास्त वाटतं. कारण उपनिबंधक मालकी ठरवतच नसेल, तर त्याच तर्काने, जमिनीवर वाद आहे एवढंच पुढे करून कन्व्हेयन्स अनंतकाळ रोखताही येत नाही.

१ मे २०१७ पासून महाराष्ट्रात महारेराचं, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या प्राधिकरणाचं, काम सुरू झालं. नव्या प्रकल्पांत एकट्या इमारतीसाठी कन्व्हेयन्सची मुदत महिन्यांत मोजली जाते. पण अनेक इमारतींच्या मोठ्या लेआउटमध्ये सोसायटीला आधी फक्त इमारतीचा ढाचा मिळतो, आणि जमीन सर्व सोसायट्यांच्या शिखर संस्थेकडे जाते ती शेवटच्या इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र मिळाल्यानंतर. त्यामुळे दहा-बारा इमारतींच्या संकुलात घर घेताना करारनाम्यातलं कन्व्हेयन्सचं कलम, आणि शेवटच्या टप्प्याची महारेराच्या नोंदणीतली तारीख, या दोन गोष्टी सही करण्याआधी शेजारी ठेवून वाचाव्यात.