ठासणीची बंदूक उकळताना

"काऊन बे, बंदूक शिजवून राह्यला का?"

नागपूरच्या महाल भागातल्या वाड्याचं अंगण, दोन सिगड्यांवर पत्र्याची लांब पन्हाळ, तिच्यात खळखळ उकळणारं पाणी आणि त्यात बुडवलेली बंदुकीची नळी. मामांनी विचारलं ते साहजिकच होतं. लोखंडाला पाणी लागलं की गंज चढतो, हे शाळेत शिकलेलं कोणी विसरत नाही. पण गंजायला पाण्याइतकाच ऑक्सिजनही लागतो, आणि ऑक्सिजन निघून गेलेलं पाणी जुन्या नळीला तेलापेक्षा जास्त गुणकारी असतं. अख्खा हिवाळा मी या एकाच गोष्टीच्या मागे होतो.

बंदूक ठासणीची, म्हणजे तोंडाकडून दारू आणि गोळी भरून गजाने ठासायची. गडचिरोलीकडे हिला भरमार म्हणतात. मामांच्या पणजोबांपासून ती घरात आहे आणि परवाना आता मामांच्या नावावर आहे. बाजूच्या पट्टीवर मुकुट आणि 'टॉवर' ही अक्षरं, नळी ९९ सेंटिमीटर, नळीला लाकडी कुंद्याशी धरून ठेवणाऱ्या तीन कड्या: ब्रिटिश सैन्याच्या १८५३ च्या एनफील्ड नमुन्याची सगळी लक्षणं. कित्येक वर्षं ती माळ्यावर पोत्यात पडून होती.

पहिलं काम नळी रिकामी आहे का, ते पाहण्याचं. अशा जुन्या बंदुकांत भरलेला बार तसाच राहून गेलेला सापडतो, आणि कोरडी राहिलेली काळी दारू कितीही जुनी असली तरी पेट घेते. गज आत टेकेपर्यंत सोडायचा, तोंडापाशी खूण करायची आणि तोच गज बाहेरून नळीला लावून पाहायचा. गजाचं टोक बुडापासून चार बोटं अलीकडेच थांबत असेल तर आत काहीतरी आहे. आमची रिकामी निघाली. तरी परवानाधारक कारागिराकडून खात्री करून घेतली, नळीही त्यानेच सुटी करून दिली. ही बंदूक पुन्हा उडवायची नाही. तिचा गंज थांबवायचा आहे.

काळ्या दारूत ७५ भाग सोरा (पोटॅशियम नायट्रेट), १५ भाग कोळसा आणि १० भाग गंधक असतं. ती जळल्यावर निम्म्याहून जास्त वजनाचे घन क्षार तयार होतात. काही धुरात जातात, बाकीचे नळीला चिकटतात. त्यात पोटॅशियम कार्बोनेट भरपूर. लोखंड साधारण ६० टक्के सापेक्ष आर्द्रतेच्या पुढे झपाट्याने गंजू लागतं, पण हा क्षार ४३ टक्क्यांनाच हवेतलं पाणी ओढून त्यात विरघळतो. म्हणजे नागपूरच्या पावसाळ्यात अशी नळी आतून चार महिने ओलीच. वरून तेल चोपडून उपयोग नाही, कारण तेलात क्षार विरघळत नाहीत. ते तेलाखाली सुखरूप राहतात. गरम पाणी मात्र त्यांना धुऊन काढतं. काळ्या दारूच्या काळातले शिपाई नळी पाण्यानेच धूत आणि मग कोरडी करून तेल लावत.

आता उकळण्याची खरी गंमत.

लाल गंजातला प्रत्येक लोखंडाचा अणू तीन इलेक्ट्रॉन गमावून बसलेला असतो. हा थर सच्छिद्र आणि फुगीर, ज्या लोखंडापासून झाला त्याच्या जवळपास तिप्पट जागा व्यापणारा. थर पाण्याने भरला की तळाशी ऑक्सिजन पोचेनासा होतो. तरी गंजणं थांबत नाही, कारण इलेक्ट्रॉन घ्यायला आता गंजच पुढे येतो. हिशेब असा: लाल गंजाचे आठ अणू आणि खालच्या धातूचा एक. धातूचा अणू दोन इलेक्ट्रॉन सोडतो, आठांपैकी दोघे ते उचलतात. नऊपैकी सहा अणू तीन इलेक्ट्रॉन गमावलेले, तीन अणू दोन गमावलेले. सहाला तीन, म्हणजे दोनास एक. हेच मॅग्नेटाइटचं, म्हणजे लोखंडाच्या काळ्या ऑक्साइडचं प्रमाण! लाल गंज काळा होतो. केंब्रिजचे रसायनशास्त्रज्ञ यूलिक इव्हान्स यांनी ही प्रक्रिया मांडली. पुढे थर वाळला की ऑक्सिजन आत शिरतो, काळ्याचं पुन्हा लाल होतं, आणि पुढच्या ओलीत हा लाल थर आणखी धातू खातो. प्रत्येक पावसाच्या सरीला आणि प्रत्येक उघडिपीला गंज असा श्वास घेत असतो.

पाणी उकळलं की त्यात विरघळलेला ऑक्सिजन निघून जातो. मग या चक्राचा फक्त पहिला अर्धा भाग घडतो. लालाचं काळं होतं आणि तिथेच थांबतं.

मी इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते पाणी वापरलं, कारण बोअरच्या पाण्यात पुन्हा क्षारच असतात. आधी नळीवरचं जुनं तेल काढलं, मग अर्धा तास उकळी. विटकरी रंग डोळ्यांदेखत कोळशासारखा होत गेला. उकळण्याआधी खरवडलेली लाल भुकटी कागदावर घेऊन खालून चुंबक फिरवला होता, ती जेमतेम हलली. नंतरची काळी भुकटी चुंबकामागे मुंग्यांच्या रांगेसारखी धावली. सुटी काजळी बारीक स्टील वूलने काढली आणि पुन्हा उकळलं, असं चार वेळा. पॉलिश पेपर मारून चकाचक करा, असा सल्ला बऱ्याच जणांनी दिला होता. त्याने गंजाबरोबर शाबूत धातू आणि ठसेही जातात.

दिल्लीच्या फारशा न गंजलेल्या लोहस्तंभाबद्दल 'हरवलेलं गूढ तंत्र' वगैरे अजून फिरत असतं. त्या लोखंडात फॉस्फरस जास्त आहे आणि त्यामुळे पृष्ठभागावर फॉस्फेटचा घट्ट थर बसला, हे आयआयटी कानपूरच्या आर. बालसुब्रमण्यम यांनी दाखवून दिलं. रसायनशास्त्र समजलं की त्या प्राचीन लोहारांबद्दलचा आदर वाढतोच.

हिवाळा निवडला तो कोरड्या हवेसाठी. उकळत्या पाण्यातून काढलेली नळी स्वतःच्या उष्णतेने मिनिटभरात वाळते. ऑगस्टमध्ये तीच पुसेपर्यंत नारिंगी झाली असती. नळीच्या तोंडाजवळ मात्र एक गोल खड्डा राहिलाच. दर दसऱ्याला शस्त्रपूजेत तिथे लिंबू बांधायचे आणि ते वाळेपर्यंत सोडत नसत. बाधा टळावी म्हणून बांधलेल्या लिंबाच्या आम्लानेच तिथलं लोखंड खाल्लं. पूजा जरूर करावी, लिंबू पाटावर ठेवावं. मामींनी हे लगेच मान्य केलं.

कुंद्याला जवसाचं तेल दिलं. ते हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं आणि तसं होताना तापतं, म्हणून त्या तेलाच्या चिंध्यांचा गोळा करून कोपऱ्यात टाकू नये. तो आपोआप पेटू शकतो. मी चिंध्या दोरीवर एकेक पसरून वाळवल्या.

शेवटी नळीच्या बुडाशी बारीक दिवा सोडून तोंडातून पाहिलं. इतकी वर्षं घरात सगळे हिला साधी गुळगुळीत नळी समजत होते. काजळी गेल्यावर आत खाचा दिसल्या, सावकाश वळत गेलेल्या. या नमुन्यात ७८ इंचांत एक वळसा असतो, म्हणजे आमच्या ३९ इंची नळीत बरोबर अर्धा. मामांनी चष्मा कपाळावर चढवला, करंगळीचं टोक आत घालून हळूहळू फिरवलं.

"तीन हायेत," ते म्हणाले.