पाऊण कागदाची अडचण

रात्रीचे अकरा वाजले होते. टेक्सासमधून भाच्याचा व्हिडिओ कॉल आला. "मामा, माझ्या पिस्तुलाच्या चेंबरमध्ये काडतूस पूर्ण जातच नाहीये. दाबलं की अडकतंय."

"मग दाबू नकोस," मी म्हणालो. भोसरीच्या टूलरूममध्ये, म्हणजे कारखान्याच्या साचे-अवजारं बनवणाऱ्या विभागात, उभी हयात काढलेला माणूस दुसरं काय सांगणार?

तिकडे गोळी उडाल्यावर उरलेल्या रिकाम्या पुंगळ्या पुन्हा भरून काडतुसं बनवणं हा रविवारचा छंद आहे, भाच्याचाही. आपल्याकडे परवान्याशिवाय दारूगोळा बनवणं हा शस्त्र कायदा, १९५९ नुसार गुन्हा. पुण्यात हे काम खडकीच्या दारूगोळा कारखान्यानं करायचं, तो १८६९ पासून करतोच आहे. पण काडतूस का अडकतं, हा प्रश्न मात्र थेट माझ्या धंद्यातला, म्हणजे मापाचा.

भाच्याचं काडतूस ९ मिमीचं. त्याची पितळी पुंगळी दिसते सरळ, पण असते किंचित निमुळती: बुडाशी ९.९३ मिमी, तोंडाशी, म्हणजे गोळी बसते तिथं, ९.६५. ती चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसायच्या जागेत, कुठवर जाणार हे तोंडाची कड ठरवते. चेंबरच्या आत बारीक पायरी असते, कड तिथं टेकली की काडतूस थांबतं. त्यामुळे तोंडाचं माप चुकलं की सगळंच चुकलं.

आता पितळाचा स्वभाव बघा. ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त. गोळी सुटताना आतला दाब २,३५० बारपर्यंत जाऊ शकतो, स्कूटरच्या चाकातल्या हवेच्या सुमारे हजारपट. पुंगळी फुगून चेंबरच्या भिंतीला घट्ट बसते, म्हणून गॅस मागे येत नाही. दाब उतरला की ती थोडी आक्रसते, म्हणून तर बाहेर निघते. पण मूळ मापावर येत नाही. पुन्हा वापरायची तर डायमधून, म्हणजे पक्क्या मापाच्या साच्यातून, दाबून बारीक करावी लागते. त्यातही मेख अशी, की पुंगळी बुडाशी होल्डरमध्ये धरलेली असते, त्यामुळे डाय अगदी खालपर्यंत पोचत नाही आणि तिथला फुगवटा राहू शकतो.

शिवाय नवी गोळी बसवताना पितळाच्या कडेनं ती सोलली जाऊ नये म्हणून पुंगळीचं तोंड आधी घंटेसारखं जरा उमलवतात. गोळी बसल्यावर ते मिटवायचं असतं. गोळी कमी खोल बसली तर तिचं नाक नळीतल्या, गोळीला फिरकी देणाऱ्या आट्यांना आधीच टेकतं. म्हणजे संशयित तीन: बूड, तोंड, नाक.

टूलरूममध्ये दोन भाग कुठं घासतात ते बघायला आम्ही निळा रंग लावतो, "ब्लू मारणं" म्हणतात त्याला. भाच्याला म्हटलं, पिस्तूल रिकामं करून नळी सुटी काढ, आणि काडतुसाला मार्कर फास. त्यानं काळं केलेलं काडतूस नळीत सोडलं, बोटांनी हलकेच फिरवलं, बाहेर काढून कॅमेऱ्यासमोर धरलं. बूड काळंभोर. गोळीवर ओरखडा नाही. तोंडाभोवती मात्र पितळाची चकचकीत, अखंड रिंग.

"मोज."

व्हर्निअरवर ९.७३. असायला हवं जास्तीत जास्त ९.६५. फरक ०.०८ मिमीचा. वहीचा कागद साधारण ०.१ मिमी जाडीचा, म्हणजे सगळा घोळ पाऊण कागदाचा! तोंड पुरतं मिटलंच नव्हतं.

तोंड मिटवणारा डाय जरासा खाली घे म्हटलं, पण बेतानं. तोंड जास्त आत वळलं तर पायरीवर टेकायला कडच उरत नाही. आणि अडकतंय म्हणून गोळी मनानं आत ढकलायची नाही, पुंगळीतली जागा कमी झाली की दाब भलताच चढतो.

चौथ्या प्रयत्नाला काडतूस नळीत सोडल्यावर "टप्" आवाज आला. नळी उलटी केली तसं आपल्या वजनानं हातात पडलं. माप तपासायच्या आमच्या गो गेजचीही हीच परीक्षा: जोर न लावता गेलं पाहिजे.

पन्नासांतली सहा तरीही अडकली. त्यांचा मार्कर बुडाशी घासला गेला होता. ती सहा बाजूला काढून ठेव म्हणालो आणि झोपायला गेलो.