हॉट स्टोव्ह लीग

हॉट स्टोव्ह लीग : बेसबॉलचा एक मोसम संपून दुसरा सुरू होईपर्यंतच्या हिवाळ्यात संघांनी केलेल्या खेळाडूंच्या अदलाबदली, नवे करार आणि त्यांविषयीच्या वावड्या यांवर चाहते जो वाद घालतात, त्याला अमेरिकेत रूढ झालेले नाव. ही प्रत्यक्षातली लीग नव्हे. तिला संघ, सामने वा गुणतक्ता नाही. अलीकडे या नावाचा अर्थ थोडा सरकला असून वृत्तपत्रे व दूरचित्रवाणी खुद्द व्यवहारांच्या काळालाच ‘हॉट स्टोव्ह’ म्हणतात. प्रस्तुत नोंदीत चाहत्यांच्या बोलण्याचा मूळ अर्थ प्रधान मानला आहे. व्यवहार संघमालक करतात, पण हे नाव त्यांच्या कचेरीत जन्मलेले नाही.

‘शेकोटीची लीग’ असे मराठी भाषांतर चटकन सुचते, पण ते फसवे आहे. शेकोटी उघड्यावर पेटते आणि रात्र सरली की विझते. येथे अभिप्रेत असलेला स्टोव्ह म्हणजे ओतीव लोखंडाची, मध्ये पोट सुटलेली, धुराडे छपराबाहेर काढलेली बंद शेगडी. आपल्याकडच्या पाणी तापवण्याच्या बंबाशी तिचे रूप काहीसे जुळते. फक्त तिच्यात पाण्याऐवजी खोलीची हवा तापे. एकोणिसाव्या शतकात गावातले किराणा दुकान, न्हाव्याचे दुकान, रेल्वे स्थानकाची प्रतीक्षाखोली अशा ठिकाणी ती असे आणि कडाक्याच्या थंडीत कामधंदा नसलेली माणसे तिच्याभोवती जमत. न्यूयॉर्क राज्यातील ट्रॉय हे शहर अशा शेगड्यांच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध होते. याच शहराचा संघ १८७९ ते १८८२ या काळात नॅशनल लीग या व्यावसायिक बेसबॉल लीगमध्ये खेळला. यावरून संज्ञेच्या उगमाविषयी काही सिद्ध होत नाही. मात्र शेगडी आणि बेसबॉल ही दोन्ही एकाच काळाची, एकाच प्रकारच्या गावांची संपत्ती होती, हे ध्यानात येते.

संज्ञेचा उगम वादग्रस्त आहे. एका मतानुसार ती आधी घोड्यांच्या शर्यतींच्या वर्तुळात वापरात होती. हिवाळ्यात शर्यती बंद पडल्या की घोड्यांचे शौकीन शेगडीभोवती बसून पुढच्या हंगामाचे आडाखे बांधत आणि त्या काल्पनिक हंगामाला हे नाव देत. दुसरे मत ती सिनसिनाटी शहरातील क्रीडा पत्रकारांकडे नेते. सिनसिनाटीतच जन्मलेले आणि पुढे कूपर्सटाउन येथील बेसबॉल हॉल ऑफ फेम या नामवंत खेळाडूंच्या स्मृतिसंग्रहालयाचे इतिहासकार झालेले ली ॲलन यांनी १९५५ मध्ये याच नावाचे पुस्तक लिहिले. जुन्या खेळाडूंच्या आठवणी आणि हिवाळी गप्पा यांना अभ्यासाची प्रतिष्ठा देण्यात त्यांचा वाटा मोठा आहे. संज्ञेचा काळ साधारणपणे एकोणिसाव्या शतकाची अखेर ते विसाव्या शतकाचा आरंभ असा धरला जातो.

कोणा एकाच लेखकाने ही संज्ञा घडवली, यापेक्षा ती वृत्तपत्रांच्या सामाईक बोलीतून आली असे मानणे अधिक सयुक्तिक दिसते. फिलाडेल्फियाचे ‘स्पोर्टिंग लाइफ’ (१८८३) आणि सेंट लुइसचे ‘स्पोर्टिंग न्यूज’ (१८८६) ही साप्ताहिके बेसबॉलवर जगत होती आणि ऑक्टोबर ते मार्च त्यांनाही रकाने भरावे लागत. शिवाय त्या काळी लीग निघण्याचा आणि बुडण्याचा सपाटाच होता. १८७६ मध्ये नॅशनल लीग, १८८२ मध्ये अमेरिकन असोसिएशन, १८८४ मध्ये एकच मोसम टिकलेली युनियन असोसिएशन, १८९० मध्ये खेळाडूंनीच काढलेली आणि तीही एकच मोसम टिकलेली प्लेयर्स लीग, तर १९०१ पासून बरोबरीचा दर्जा सांगणारी अमेरिकन लीग असा तो क्रम आहे. एवढ्या खऱ्या लीग असताना दुकानातल्या बैठकीलाही लीग म्हणावे, हे त्या काळच्या वाचकाला सहज पटणारे होते. शर्यतींचा दावा यामुळे खोटा ठरत नाही, पण ‘लीग’ या शब्दाचा उलगडा त्याने होत नाही.

वादाचा विषय काय असावा, हे दीर्घकाळ एका कलमाने ठरवले. सप्टेंबर १८७९ मध्ये नॅशनल लीगच्या मालकांनी प्रत्येक संघाने पाच खेळाडू स्वतःसाठी राखावेत आणि इतरांनी त्यांना हात लावू नये, असा समझोता केला. पुढे हा आकडा वाढत जाऊन जवळजवळ सगळा संघच राखीव झाला आणि करारांत ‘राखीव कलम’ आले. कराराची मुदत संपली तरी खेळाडू त्याच संघाचा राही. त्याला विकता येई, बदलता येई, पण स्वतःहून जाता येत नसे. १९२२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मक्तेदारीविरोधी कायदा बेसबॉलला लागू नाही असा निर्णय दिल्याने ही व्यवस्था आणखी पक्की झाली. शेगडीभोवतीचा वाद त्यामुळे मुख्यतः वस्तुविनिमयाचा होता. कोण देऊन कोण घेतला, आणि फसले कोण? खेळाडूच्या इच्छेचा प्रश्न त्यात क्वचितच येई, आणि ही उणीव बोलणाऱ्यांनाही फारशी जाणवत नसे.

फसलेल्या अदलाबदलींची उदाहरणे चाहत्यांच्या तोंडी पिढ्यान्‌पिढ्या राहतात आणि त्यांपैकी दोन सिनसिनाटीचीच आहेत. डिसेंबर १९०० मध्ये सिनसिनाटीने तरुण पिचर (फलंदाजाकडे चेंडू फेकणारा खेळाडू) क्रिस्टी मॅथ्यूसन न्यूयॉर्क जायंट्सला देऊन एमस रूसी हा नावाजलेला पण खांदा दुखावलेला पिचर घेतला. मॅथ्यूसनने कारकिर्दीत ३७३ सामने जिंकले, त्यांपैकी ३७२ जायंट्ससाठी. रूसीने सिनसिनाटीसाठी एकही जिंकला नाही. ९ डिसेंबर १९६५ रोजी याच संघाने फ्रँक रॉबिन्सनला बॉल्टिमोर ओरिओल्सकडे पाठवून पिचर मिल्ट पापस आणि आणखी दोघे मिळवले. रॉबिन्सन ३० वर्षांचा होता आणि त्याचा बहर ओसरला, असा संघाचा होरा होता. १९६६ मध्ये त्याने फलंदाजीची सरासरी, होमरन म्हणजे चेंडू मैदानापार टोलवणारे फटके (४९) आणि धावा मिळवून देणे (१२२) या तिन्ही बाबतींत अमेरिकन लीगमध्ये पहिला क्रमांक घेतला. ओरिओल्सने वर्ल्ड सिरीज ही मोसमाअखेरची अजिंक्यपदाची मालिका ४–० अशी जिंकली. सिनसिनाटीच्या चाहत्यांनी त्या हिवाळ्यात व्यक्त केलेला संताप अनाठायी नव्हता, हे एका उन्हाळ्यात दिसून आले.

सर्वांत जास्त चर्चिला गेलेला व्यवहार मात्र अदलाबदल नव्हे, विक्री आहे. बोस्टन रेड सॉक्सचे मालक हॅरी फ्रेझी यांनी बेब रूथला न्यूयॉर्क यांकीजला १ लाख डॉलरना विकले. करारावर तारीख २६ डिसेंबर १९१९ ची आहे. बातमी जाहीर झाली ५ जानेवारी १९२० ला. याखेरीज बोस्टनचे फेनवे पार्क हे मैदान तारण ठेवून यांकीजच्या मालकाने फ्रेझींना मोठे कर्जही दिले. फ्रेझी हे नाट्यनिर्माते असल्याने ‘नो, नो, नॅनेट’ या संगीत नाटकाच्या खर्चासाठी रूथ विकला गेला, अशी कथा बोस्टनमध्ये घट्ट रुजली. ते नाटक ब्रॉडवेवर आले १९२५ मध्ये, त्यामुळे सरळ कार्यकारणभाव जुळत नाही. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे असे की, त्या संगीत नाटकाचा आधार असलेले ‘माय लेडी फ्रेंड्स’ हे नाटक डिसेंबर १९१९ मध्येच रंगभूमीवर आले होते आणि तेही फ्रेझींचेच होते. म्हणजे कथेत आडवळणाचे का होईना, तथ्य आहे. तिसरे, अधिक कोरडे स्पष्टीकरण असे : १९१६ मध्ये संघ विकत घेताना राहिलेली देणी फ्रेझींच्या डोक्यावर होती आणि वर्षाला १० हजार डॉलरचा करार असताना रूथ २० हजार मागत होता. या नोंदीत तिसऱ्या स्पष्टीकरणाला अधिक वजन दिले आहे. नाटकांचा पैसा आणि संघाचा पैसा एकाच खिशातला होता, एवढेच पहिल्या दोहोंतून घेता येते. रूथच्या विक्रीमुळे संघाला शाप लागला ही कल्पना तर बरीच उशिराची आहे. १९८६ ची वर्ल्ड सिरीज बोस्टन हरल्यानंतर ती पसरली आणि २००४ मध्ये संघ जिंकेपर्यंत प्रत्येक हिवाळ्यात उगाळली गेली. तत्कालीन मत एकमुखी नव्हते, हे येथे नोंदवायला हवे. रूथ बेशिस्त आहे, तो गेला ते बरे झाले, असे म्हणणारेही १९२० मध्ये होते.

विनिमयाचा हा वाद करारांच्या वादात बदलला तो १९७० च्या दशकात. ऑक्टोबर १९६९ मध्ये सेंट लुइस कार्डिनल्सने कर्ट फ्लडला फिलाडेल्फियाकडे पाठवले. बारा वर्षे ज्या शहरात खेळलो तेथून विचारल्याविना हलवले जाणे त्याने नाकारले आणि २४ डिसेंबर १९६९ च्या पत्राद्वारे, आपण खरेदी-विक्रीची मालमत्ता नाही, असे बेसबॉलचे आयुक्त बोवी कून यांना कळवले. १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात तो ५–३ असा हरला. डिसेंबर १९७४ मध्ये ओकलंडचा पिचर कॅटफिश हंटर संघमालकाने केलेल्या करारभंगामुळे मुक्त ठरला, तेव्हा नॉर्थ कॅरोलायनातील अहॉस्की या छोट्या गावातल्या त्याच्या वकिलाच्या कचेरीत संघांच्या प्रतिनिधींची रीघ लागली. ३१ डिसेंबरला तो यांकीजकडे गेला. २३ डिसेंबर १९७५ रोजी लवाद पीटर साइट्झ यांनी अँडी मेसरस्मिथ व डेव्ह मॅकनॅली यांच्या प्रकरणात राखीव कलम एका वर्षापुरतेच लागू पडते असा निवाडा दिला आणि जवळपास शतकाची व्यवस्था कोसळली. सहा वर्षे सेवा झालेला खेळाडू करार संपताच मुक्त, ही आजची पद्धत त्यातून आली. यांतले बरेच टप्पे डिसेंबरात घडले, त्यामुळे शेगडीभोवतीच्या माणसांना न्यायनिवाडे वाचावे लागले. फ्लडवर तेव्हा अनेक चाहत्यांनी कृतघ्नपणाचा आरोप केला. त्याची किंमत त्याने एकट्याने चुकवली आणि फायदा पुढच्यांना झाला.

त्यानंतर ‘कोणाच्या बदल्यात कोण’ याची जागा ‘किती वर्षे आणि किती पैसे’ याने घेतली. डिसेंबर २००० मध्ये टेक्सास रेंजर्सने ॲलेक्स रॉड्रिगेझला १० वर्षांसाठी २५.२ कोटी डॉलर देऊ केले. डिसेंबर २०२३ मध्ये शोहेइ ओतानी या जपानी खेळाडूचा लॉस एंजेलिस डॉजर्सशी १० वर्षांचा ७० कोटींचा करार झाला. त्यातले ६८ कोटी त्याला कराराची वर्षे संपल्यावर मिळायचे आहेत आणि हे न्याय्य की पळवाट, यावर चाहत्यांत तीव्र मतभेद आहेत. पुढच्याच हिवाळ्यात ह्वान सोटो याने न्यूयॉर्क मेट्सकडून १५ वर्षांसाठी ७६.५ कोटी घेतले. वाद घालणाऱ्याला आता संघाच्या पगारखर्चाची मर्यादा, ती ओलांडल्यावरचा कर, लवादाकडे जाण्याची पात्रता, खेळाडूच्या वयाचा आलेख असे सारे तोंडपाठ असावे लागते. १९७७ पासून बिल जेम्स यांनी प्रसृत केलेल्या आकडेशास्त्राने त्याला हत्यारे पुरवली आहेत. पण ‘आमचा माणूस का जाऊ दिला’ हा प्रश्न आकड्यांनी मिटलेला नाही, आणि तोच या वादाचा खरा गाभा आहे.

व्यवहारांचे मुख्य ठिकाण म्हणजे डिसेंबरच्या पूर्वार्धातील हिवाळी बैठका. त्यांची परंपरा १८७६ पर्यंत मागे नेली जाते. त्या डिसेंबरात क्लीव्हलंड येथील बैठकीत नॅशनल लीगने ठरलेले सामने पूर्ण न केलेल्या न्यूयॉर्क व फिलाडेल्फिया या संघांना काढून टाकले. आज या बैठका एखाद्या मोठ्या हॉटेलात भरतात आणि तेथील दिवाणखाना पत्रकार, दलाल व हौशी चाहते यांनी गजबजतो. १९७५ मध्ये शिकागो व्हाइट सॉक्सचे नवे मालक बिल वेक यांनी फ्लॉरिडातील हॉटेलच्या दिवाणखान्यात टेबल मांडले, ‘दुकान उघडे आहे’ अशा अर्थाची पाटी लावली आणि सर्वांदेखत व्यवहार केले. कित्येक मालकांना ते अप्रतिष्ठेचे वाटले. चाहत्यांच्या दृष्टीने मात्र बंद दाराआड होणारी गोष्ट त्या दिवशी प्रथमच त्यांच्यासमोर आली.

वावडी हे या प्रथेचे इंधन होय. ८ डिसेंबर २०२३ रोजी ओतानी टोरंटोच्या संघाकडे निघाल्याची बातमी पसरली आणि कॅलिफोर्नियाहून निघालेल्या एका खासगी विमानाचा मार्ग असंख्य लोकांनी नकाशावर पाहिला. विमानातून उतरला एक कॅनेडियन उद्योजक. दुसऱ्या दिवशी ओतानीने डॉजर्सचे नाव जाहीर केले. टोरंटोच्या चाहत्यांना झालेले दुःख खरे होते. व्यवहार पूर्ण थांबला की वादही कसा सुकतो, हे २ डिसेंबर २०२१ ते १० मार्च २०२२ या मालकांनी पुकारलेल्या ९९ दिवसांच्या टाळेबंदीत दिसले. त्या काळात संघांना खेळाडूंशी बोलण्याचीही मुभा नव्हती.

अमेरिकेबाहेर ही संज्ञा जपानी व कोरियन भाषांत ‘स्टोव्ह लीग’ अशा आखूड रूपात गेली आहे. दक्षिण कोरियात २०१९–२० मध्ये त्याच नावाची दूरचित्रवाणी मालिकाही झाली. कॅनडात आइस हॉकीच्या रेडिओ प्रक्षेपणात मध्यंतराच्या चर्चेला १९३० च्या दशकाच्या अखेरीपासून हे नाव मिळाले, म्हणजे तेथे ते मोसमाच्या ऐन भरातले झाले. भारताशी संबंध एका हिवाळ्यापुरता आहे : नोव्हेंबर २००८ मध्ये पिट्सबर्ग पायरेट्सने रिंकू सिंह व दिनेश पटेल या उत्तर प्रदेशातील दोन भालाफेकपटूंना पिचर म्हणून करारबद्ध केले. आयपीएलच्या लिलावाआधी व नंतर मराठी क्रिकेटरसिकांत होणारी चर्चा हिच्याशी मिळतीजुळती वाटते; पण लिलाव दिवसा-दोन दिवसांत आटोपतो, तर शेगडी फेब्रुवारीच्या मध्यास खेळाडू सरावाला जमेपर्यंत पेटती राहते.