एअर-कूल्ड ९११ आणि वॉटर-कूल्ड ९११: दिवे बघू नका, पेडल बघा

गोल दिवे, मागे उचललेला 'डकटेल' स्पॉइलर, पाच पाकळ्यांची चाकं. पोर्शे ९११ चा असा फोटो फोनवर फिरायला लागला की खाली कुणीतरी लिहितंच, "सत्तरच्या दशकातली दिसते." असेलही. पण ती १९९० च्या आसपासची गाडी असू शकते, कॅलिफोर्नियातल्या सिंगर कंपनीने पार उकलून जुन्या साजात पुन्हा उभी केलेली. किंवा २०२२ साली थेट कारखान्यातून निघालेली 'स्पोर्ट क्लासिक'सुद्धा असू शकते. पोर्शेने तशा १,२५० गाड्या काढल्या, आणि त्यांचा सगळा डौल १९७३ सालचा आहे. साठ वर्षं तोच आकार गिरवत बसलेल्या गाडीची पिढी रूपावरून ओळखायची म्हणजे फसगत ठरलेलीच.

तरी जुनी आणि नवी ९११ यांच्यात रेघ आहे, आणि ती बऱ्यापैकी ठळक आहे. १९६४ ते १९९८ या काळातल्या सगळ्या ९११ चं इंजिन हवेने थंड होई. पुढच्या सगळ्या पाण्याने थंड होतात. जुन्या गटात चार पिढ्या: मूळ ९११, मग १९७३ नंतरची जी-सीरीज, ९६४ आणि ९९३. नव्या गटातही चारच: ९९६, ९९७, ९९१ आणि सध्याची ९९२. आकडे क्रमाने जात नाहीत, ९९७ नंतर ९९१ येते. तर्क शोधायच्या भानगडीत पडू नका. गाडीचं पहिलं नावही ९११ नव्हतं. १९६३ साली फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात ती ९०१ म्हणून मांडली होती. मधे शून्य असलेले तीन आकडी नंबर आमचे, असं प्यूजोने बजावलं आणि शून्याचा एक झाला.

एअर-कूल्ड म्हटलं की वाटतं, वारा लागला की काम झालं. मोटरसायकलला ते पुरतं, पण ९११ चं इंजिन मागच्या झाकणाखाली कोंडलेलं. म्हणून त्याच्यावर एक भलामोठा पंखा बसवलेला असतो आणि तो पट्ट्यावर फिरतो. बाकीची उष्णता तेल वाहून नेतं. या गाड्यांमध्ये तेल इतकं भरावं लागतं की 'ऑइल-कूल्ड' म्हटलं तरी चालेल. जी-सीरीजपर्यंत तर बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटरही त्याच पट्ट्यावर फिरे. म्हणजे डॅशबोर्डवर चार्जिंगचा लाल दिवा लागला तर आपण म्हणू, बॅटरीचं बघू गॅरेजला गेल्यावर. ९११ वाला मात्र तिथल्या तिथे गाडी कडेला घेतो. पट्टा तुटला असेल तर पंखाही थांबलेला असतो, आणि तशीच दामटली तर इंजिनाची वाट लागते. जुने मालक डिकीत एक जास्तीचा पट्टा ठेवतात तो याचसाठी.

या पंख्याची घरघर, इंजिनाची कोरडी खडखड, केबिनच्या हीटरमधून येणारा तेलाचा किंचित वास (हीटरची हवा एक्झॉस्ट पाइपच्या उष्णतेवरच तापवलेली असते), हे सगळं मिळून लोकांच्या मनातली 'जुनी पोर्शे' बनते. पाण्याचं आवरण आवाज गिळतं, त्यामुळे नवं इंजिन गुळगुळीत वाटतं. कुणाला ते निर्जीव वाटतं. मला विचाराल तर हा मुद्दा नको तितका ताणला गेलाय. आवाजाच्या गप्पा रंगतात आणि खरा फरक बाजूला राहतो.

खरा फरक आहे वजनात, म्हणजे ते वजन कुठे ठेवलंय यात.

९११ चं इंजिन मागच्या चाकांच्याही मागे असतं. फर्डिनांड पोर्शे यांनी बीटलची मांडणी तशी केली होती, त्यांचे चिरंजीव फेरी यांनी बीटलचेच भाग घेऊन ३५६ केली, आणि नातू फर्डिनांड अलेक्झांडर यांनी ९११ रेखाटली तेव्हाही इंजिन तिथेच राहिलं. सुटताना याचा फायदाच होतो, कारण वजन मागच्या चाकांवर असल्याने ती रस्ता घट्ट धरतात. प्रश्न वळणावर येतो. वळणात वेग जास्त झाल्यासारखा वाटला की माणूस घाबरून अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढतो. वजन पुढे सरकतं, मागची चाकं हलकी होतात आणि त्यांच्याही मागे टांगलेलं इंजिन बाहेरच्या बाजूला ओढ घेतं. कॅरिअरवर दोन भरलेल्या गोण्या लादून सायकल वळवून पाहिली असेल त्याला हे लगेच कळेल. पुढचं चाक वळलेलं असतं आणि मागचं आपल्या मनाने निघतं.

जुन्या ९११ मध्ये यावरचा उपाय चालवणाऱ्याने करायचा असे. ब्रेक वळणाच्या आधी, सरळ रेषेत. वळणात शिरल्यावर पाय अ‍ॅक्सिलरेटरवर हलकाच, पण टिकून. मधेच कच खायची नाही. हे अंगात मुरलेल्या माणसाच्या हाती गाडी विलक्षण पळते, कारण वळणातून बाहेर पडताना तेच मागचं वजन चाकांना रेटा देतं. न मुरलेल्याला ती उलटी फिरवून शेतात नेऊन ठेवते. १९७५ ची ९११ टर्बो त्यात कहर होती. २६० हॉर्सपॉवर, चार गिअर, एबीएस नाही. टर्बोचा दाब यायला वेळ लागे आणि यायचा तो नेमका वळणाच्या मधोमध, एकदम. तिला 'विडोमेकर', म्हणजे बायकोला विधवा करणारी, हे नाव उगाच पडलं नाही.

कंपनीला हे ठाऊक नव्हतं असं नाही. सुरुवातीच्या काही गाड्यांत पुढच्या बंपरच्या आत चक्क बिडाची वजनं बसवली होती, नाक जड व्हावं म्हणून. मग १९६९ च्या मॉडेलसाठी मागची चाकं ५७ मिलिमीटर मागे सरकवली आणि एका बॅटरीऐवजी दोन घालून त्या पुढच्या दिव्यांजवळ कोपऱ्यांत ठेवल्या. पुढे ९६४ मध्ये एबीएस आणि पॉवर स्टिअरिंग आलं. ९९३ मध्ये मागचं सस्पेंशन मुळापासून बदललं. म्हणून ९९३ ही एअर-कूल्डमधली सगळ्यात समंजस गाडी, आणि तिची किंमतही त्याच तोऱ्याची.

नव्या गाड्यांनी तोच प्रश्न इंजिनिअरांकडे सोपवला. पहिल्या ९११ ला चारही चाकांना १६५ मिलिमीटर रुंदीचे टायर होते, आज सेडानलाही अरुंद वाटतील असे. आजच्या कॅरेरा एस या ९११ ला पुढे २४५ चे आणि मागे ३०५ चे आहेत. ९९१ मध्ये दोन चाकांमधलं अंतर १०० मिलिमीटरने वाढवलं आणि इंजिनाच्या मानाने मागची चाकं मागे नेली, म्हणजे टांगलेलं वजन चाकांच्या जवळ आलं. शिवाय घसरू लागली तर एकेका चाकाचा ब्रेक लावणारी इलेक्ट्रॉनिक्स. ९९२ मध्ये तर पुढच्या चाकांच्या कमानीत आवाज टिपणारे सेन्सर आहेत. चाकांनी उडवलेलं पाणी पत्र्यावर आपटतं, तो आवाज ऐकून रस्ता ओला झाल्याचं गाडी ओळखते आणि 'वेट मोड' लावा म्हणून सुचवते. जुन्या ९११ मध्ये हे काम ड्रायव्हरच्या पाठीच्या मणक्याकडे होतं.

हा बदल झाला कसा, ते बघण्यासारखं आहे. १९७७ सालीच पोर्शेने ९२८ आणली होती: पुढे इंजिन, आठ सिलिंडर, पाण्याने थंड होणारी. ९११ हळूहळू बंद करून हीच गाडी पुढे चालवायची असा बेत होता. १९८१ मध्ये पीटर शुट्झ कंपनीचे प्रमुख झाले. त्यांनीच पुढे सांगितलेली गोष्ट अशी: गाड्यांच्या विकासाचे प्रमुख हेल्मुट बॉट यांच्या खोलीत भिंतीवर तक्ता होता. इतर मॉडेलच्या रेघा पुढच्या वर्षांपर्यंत गेलेल्या, ९११ ची १९८१ पाशी थांबलेली. शुट्झ यांनी मार्कर उचलला आणि ती रेघ तक्त्याच्या कडेपर्यंत, कडेवरून पुढे भिंतीवर ओढत नेली.

गाडी वाचली, पण हवा पुरेना. जास्त ताकद आणि कमी धूर हवा असेल तर दर सिलिंडरला चार व्हॉल्व्ह लागतात. इतक्या गर्दीच्या सिलिंडर हेडची उष्णता हवेने काढून घेणं जमत नव्हतं. आवाजाचे नियमही कडक होत होते. त्यात नव्वदीच्या सुरुवातीला विक्री कोसळली आणि कंपनी विकली जाते की काय अशी पाळी आली. कंपनीचे नवे प्रमुख वेंडेलिन वीडेकिंग यांनी टोयोटाच्या पद्धती जाणणाऱ्या जपानी सल्लागारांना श्टुटगार्टमधल्या झुफेनहाउझेनच्या कारखान्यात आणलं, आणि दोन गाड्या एकत्र आखल्या गेल्या: स्वस्तातली बॉक्सस्टर आणि नवी ९११, म्हणजे ९९६. खर्च वाचवण्यासाठी दोघींचा पुढचा भाग जवळपास सारखाच ठेवला, दिव्यांसकट. ते दिवे खालच्या बाजूला ओघळलेले. त्यांना 'फ्राइड एग' म्हणून आजही हिणवतात.

माझ्या मते ९९६ वर झालेला हा अन्याय आहे. पाण्याबद्दलचा सगळा राग लोकांनी दिव्यांवर काढला. तिचं एक दुखणं मात्र खरं होतं: इंजिनाच्या मधल्या शाफ्टचं बेअरिंग, ज्याला आयएमएस म्हणतात. ते बसलं तर अख्खं इंजिन जातं. हीच भीती ९९७ च्या सुरुवातीच्या वर्षांपर्यंत पुरली. वापरलेली ९९६ घेणारा माणूस आधी त्या बेअरिंगचं विचारतो, ते याच कारणाने. पण त्याच पिढीतल्या टर्बो आणि जीटी३ मध्ये हा घोटाळा नाही. त्यांना पोर्शेचे जुने इंजिन-रचनाकार हान्स मेत्सगर यांच्या परंपरेतलं वेगळं इंजिन होतं. त्याचं क्रॅंककेस, म्हणजे इंजिनाचा खालचा सांगाडा, जुन्या एअर-कूल्ड इंजिनाच्याच वंशातलं, रेसिंगमधून तावून सुलाखून आलेलं आणि वर पाण्याची सोय केलेलं. म्हणजे मी वर इतकी ठळक म्हणून ओढलेली रेघ इथे थोडी पुसट होते: बाहेरून नवी ९११, पोटात निम्मी जुनी.

आता गाडी समोर उभी आहे आणि बॉनेटवरचा बिल्ला सोडला तर काही कळत नाही, असं समजू. दार उघडा आणि खाली वाका. एअर-कूल्ड ९११ चे क्लच आणि ब्रेकचे पेडल फरशीतून उगवलेले असतात, बिजागरी खाली. पाय अधांतरी उचलून वरून दाबावा लागतो. ९९६ पासून ते इतर गाड्यांसारखे वरून लोंबतात. ही खूण सिंगरच्या साजशृंगारालाही सहसा झाकता येत नाही. मागचं झाकण उघडलंत तर जुनीत पंखा समोरच दिसतो. ९९१ किंवा ९९२ मध्ये इंजिन दिसतच नाही, तेल आणि कूलंट ओतायची तोंडं तेवढी दिसतात. जुनीचं तेल इंजिन तापवून, चालू ठेवून, सपाट जागी काडीने मोजायचं. ९९१-९९२ ला काडीच नाही, स्क्रीनवर आकडा येतो.

तेलावरून आठवलं: १९७२ च्या मॉडेलमध्ये तेल भरायची झडप गाडीच्या बाहेर होती, उजव्या दारामागे. पंपावरची पोरं तिला पेट्रोलची टाकी समजत आणि तेलाच्या टाकीत पेट्रोल ओतत. वर्षभरात ती झडप बंद झाली. आज ती असलेली गाडी म्हणजे संग्राहकांची चैन.

डाव्या स्टिअरिंगच्या सगळ्या ९११ मध्ये किल्ली डावीकडेच. पहिलीत खरी किल्ली, ९९२ मध्ये सुरुवातीला किल्लीच्या आकाराची मूठ आणि २०२४ पासून नुसतं बटण, पण तेही डावीकडे.

आकडे हवे असतील तर: पहिली ९११ १,६१० मिलिमीटर रुंद, साधारण १,०८० किलोची, दोन लिटर, १३० हॉर्सपॉवर. ९९२ कॅरेरा १,८५२ मिलिमीटर, दीड टनाची, तीन लिटर टर्बो, सुरुवातीला ३८५ हॉर्सपॉवर. शंभरचा वेग गाठायला पहिलीला नऊ सेकंद लागत, आताचीला चारच्या आसपास. हे शेजारी शेजारी बघायचं तर झुफेनहाउझेनला पोर्शेचं संग्रहालय आहे. श्टुटगार्टच्या एस-बान लोकलने नॉयवर्ट्सहाउसला उतरलं की समोरच. श्टुटगार्ट हे १९६८ पासून मुंबईचं भगिनी शहर आहे आणि तिथल्या वाहन कंपन्यांत मराठी इंजिनिअरांची कमी नाही. एखादा ओळखीचा निघाला तर सोबत न्या.

घ्यायची कोणती, हा प्रश्न आपल्यापैकी बहुतेकांसाठी हवेतलाच आहे. तरीही उत्तर देतो. रोज ऑफिसला जायचं, पावसात हायवे धरायचा, शेजारी बसलेल्या माणसाने हँडल घट्ट धरून ठेवू नये असं वाटत असेल तर ९९७ किंवा पुढची. रविवारी सकाळी, कोरड्या रस्त्यावर, वळणाआधी ब्रेक लावायची शिस्त असेल तर जी-सीरीज, तीही १९७६ नंतरची, कारण तेव्हापासून पत्र्याला जस्ताचा मुलामा आहे. आधीच्या गाड्या गंजाने आतून खाल्लेल्या निघतात. आणि खिसा बेताचा असेल तर ओघळलेल्या दिव्यांची ९९६, बेअरिंग बदलल्याची पावती बघून. जर्मनीत तीस वर्षं जुन्या, मूळ रूपात जपलेल्या गाडीला नंबरप्लेटवर ऐतिहासिक वाहनाचं 'एच' अक्षर मिळतं. १९९७ च्या पहिल्या ९९६ गाड्या २०२७ पासून त्याला पात्र होतात.